पाळणाघराचा विमा : काय उतरवावे आणि कोणत्या क्रमाने

हल्ली आपल्या कुटुंबांत एक नवा प्रश्न वारंवार चर्चेस येतो. घरातील सून, लेक किंवा नोकरीतून निवृत्त झालेली एखादी भगिनी म्हणते, "खालच्या दोन खोल्या मोकळ्याच आहेत; तेथे पाळणाघर काढू." मग वडील मंडळी जमतात. रंग कोणता द्यावा, पाळणे किती घ्यावेत, मुलांना दुपारी काय खाऊ घालावे, शुल्क किती ठेवावे, या सर्वांचा खल होतो. विम्याची गोष्ट निघालीच तर अगदी शेवटी निघते, आणि तीही खुर्च्या, पंखे व शीतकपाट यांच्यापुरती. आमचे म्हणणे असे की हा क्रम उलटा आहे. पाळणाघराचा विमा हा प्रथम जबाबदारीचा, नंतर माणसांचा आणि सर्वांत शेवटी वस्तूंचा असला पाहिजे. असे का, हे वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

संस्कृतात 'योगक्षेम' असा एक सुंदर समास आहे. जे आपणापाशी नाही ते मिळविणे हा योग, आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण करणे हा क्षेम. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपल्या बोधवाक्यासाठी गीतेतील हाच शब्द निवडला, तो उगाच नव्हे. 'विमा' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला असला, तरी त्यामागील कल्पना या 'क्षेमा'हून निराळी नाही. पाळणाघर तर नखशिखान्त क्षेमाचाच व्यवसाय. दुसऱ्याचे मूल सकाळी जसे स्वीकारले, तसेच सायंकाळी परत द्यावयाचे, हीच त्याची सारी प्रतिज्ञा.

बालसंगोपनाची संस्था आपल्याकडे अगदी नवी नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांच्या पुढाकाराने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ साली ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केले. तेव्हा प्रश्न शिक्षणाचा होता. आज त्यात सांभाळण्याचा प्रश्न मिळाला आहे, कारण पुष्कळ घरांत आई व वडील दोघेही नोकरीस जातात आणि आजी दुसऱ्या गावी असते. २०१७ साली मातृत्वलाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक नोकर असणाऱ्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी असे ठरले. तेव्हापासून घरगुती पाळणाघराकडेही लोक एक रीतसर व्यवसाय म्हणून पाहू लागले आहेत. व्यवसाय म्हटला की त्याचे कायदेशीर ओझेही आलेच.

हे ओझे कोणावर पडते, ते प्रथम पाहू. घरगुती पाळणाघर बहुधा एकट्या बाईंच्या नावावर असते. अशा एकल मालकीच्या धंद्यात धंद्याचे देणे व मालकाचे देणे असा भेद कायदा करीत नाही. हलगर्जीपणामुळे एखाद्या मुलास इजा झाली आणि न्यायालयाने भरपाई देण्याचा हुकूम केला, तर ती रक्कम केवळ पाळणाघराच्या गल्ल्यातून द्यावयाची नसते. बाईंची ठेव, त्यांच्या नावावरील सदनिका, त्यांनी आयुष्यभर जमविलेली पुंजी, हे सर्व तिच्या आवाक्यात येते. पंखा जळाला तर चार हजारांचे नुकसान. घसरगुंडीवरून पडून मुलास कायमचे अपंगत्व आले तर त्याच्या साऱ्या भावी आयुष्याचा हिशेब होतो. दोहोंपैकी विमा कशाचा आधी उतरवावा, हे सांगावयास पंडित नको.

म्हणून पहिले विमापत्र जबाबदारीचे. यास विमा कंपन्या 'पब्लिक लायबिलिटी' म्हणतात. आपल्या जागेत किंवा आपल्या कामामुळे तिऱ्हाइतास इजा झाली आणि तिची भरपाई कायद्याने आपणावर आली, तर ती भरपाई व कंपनीच्या संमतीने केलेला कोर्टखर्च या विम्यातून मर्यादेपर्यंत मिळतो. येथे नावाचा एक घोटाळा टाळावा. १९९१ साली याच नावाचा एक कायदा झाला आहे. परंतु तो घातक पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी आहे. पाळणाघरास लागतो तो सामान्य, बिगरऔद्योगिक प्रकार. एजंटाकडे मागणी करताना हे स्पष्ट सांगावे.

या विमापत्रावर दोन आकडे असतात : एका अपघातास जास्तीत जास्त किती, आणि साऱ्या वर्षात मिळून किती. दोन्ही वाचावेत. शिवाय प्रत्येक दाव्यातील काही पहिली रक्कम आपणच सोसावयाची असते, तीही पाहावी. पुष्कळदा मूळ विमापत्रात अन्नातून झालेली विषबाधा, पोहण्याचा हौद, खेळ किंवा जागेबाहेरची सहल यांचा समावेश नसतो. तो जादा हप्ता भरून करून घ्यावा लागतो. आपण मुलांना दुपारचे जेवण देत असू, तर अन्नाचे कलम आहे की नाही हे पाहिल्यावाचून सही करू नये.

आता एका सूक्ष्म गोष्टीकडे वळतो, कारण जाणती माणसेही तेथे फसतात. आपल्या देशातील जबाबदारीचे विमे बहुधा 'क्लेम्स मेड' पद्धतीचे असतात. अपघात विम्याच्या काळात घडला एवढ्याने भागत नाही. त्याविषयीचा दावाही विमा चालू असतानाच आलेला असावा लागतो. विमापत्रावर एक मागील तारीखही नोंदलेली असते; तिच्या पूर्वी घडलेल्या घटनेस संरक्षण नसते. खंड न पाडता नूतनीकरण केले तर ही तारीख पहिल्या वर्षाचीच राहते. मध्ये एक वर्ष चुकले, किंवा कंपनी बदलताना ती तारीख पुढे नेण्याचे राहिले, तर मागील सारी वर्षे उघडी पडतात.

पाळणाघरास हे विशेष लागू आहे, कारण येथे इजा होणारी व्यक्ती अज्ञान असते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील सहावे व आठवे कलम एकत्र वाचले असता असे दिसते की, अज्ञान व्यक्तीस सज्ञान झाल्यावरही दावा आणता येतो. मात्र त्यासाठी अज्ञानत्व संपल्यापासून जास्तीत जास्त तीन वर्षेच मिळतात. दोन वर्षांच्या बालकास आज इजा झाली, तर अठरा अधिक तीन, म्हणजे त्याच्या वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत दार उघडे असू शकते. आजपासून एकोणीस वर्षे! म्हणून विमापत्रे दरवर्षी रद्दीत घालू नयेत. हजेरीची वही, अपघाताची नोंदवही व विमापत्रे एका पेटीत जपून ठेवावीत. पाळणाघर बंद करावयाचे ठरले तरी, त्यानंतर येणाऱ्या दाव्यांसाठी मुदत वाढवून मिळते काय, हे कंपनीस लेखी विचारावे.

काही पाळणाघरांच्या प्रवेशपत्रावर "मुलास काही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही" असे छापून पालकांची सही घेतात, आणि मग विम्याची गरज नाही असे मानतात. हा भरवसा पोकळ आहे. भरपाईचा हक्क मुलाचा स्वतःचा असतो; आईबापांच्या सहीने तो सहजासहजी बुडत नाही. अज्ञानाच्या वतीने चालू दाव्यात तडजोड करावयाची झाली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार न्यायालयाची परवानगी लागते. जे मूल न्यायासनासही इतके जपावेसे वाटते, त्याचा हक्क एका छापील ओळीने कसा संपेल?

दुसरा क्रम माणसांचा. मुलांना सांभाळणाऱ्या बाई, स्वयंपाकीण, झाडलोट करणारी मुलगी यांना काम करताना दुखापत झाली, तर मालकावर स्वतंत्र जबाबदारी येते. १९२३ च्या कायद्याने कामगारांना दिलेले हे संरक्षण पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाले. पब्लिक लायबिलिटीचा विमा आपल्या नोकरांस लागू पडत नाही. त्यांच्यासाठी नोकर-भरपाईचे निराळे विमापत्र घ्यावे लागते. उकळते दूध अंगावर सांडून भाजलेली बाई आपल्या दारची आहे. तिच्या औषधपाण्याची चिंता करणे हा कायद्याचा भाग आहेच, पण त्याआधी तो गृहस्थधर्म आहे.

याच क्रमात मुलांच्या वैयक्तिक अपघाताचा सामुदायिक विमाही येतो. त्यास कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. धावताना पडून हात मोडला, तर ठरलेल्या मर्यादेत दवाखान्याचा खर्च मिळतो. लहानसहान प्रसंगी पालक व संचालिका यांच्यात कटुता येऊ नये, यास हा विमा फार उपयोगी. पण तो जबाबदारीच्या विम्याची जागा घेऊ शकत नाही. मुलांना ने-आण करण्यास स्वतःची खासगी मोटार वापरून त्याचे पैसे घेत असाल, तर अधिकच सावध असावे. खासगी वाहनाचा विमा भाड्याच्या वाहतुकीसाठी नसतो, आणि नेमक्या वेळी कंपनी ते दाखवून देते.

तिसरा क्रम वस्तूंचा. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल, तर १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेले 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' हे प्रमाणित विमापत्र घेता येते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल इत्यादी संकटे त्यात येतात. विम्याची रक्कम मात्र खरी लिहावी. समजा, सामान आठ लाखांचे आहे आणि हप्ता वाचविण्यासाठी विमा चार लाखांचाच उतरविला. आगीत दोन लाखांचे नुकसान झाले तर हाती येईल एक लाख. कारण निम्म्याचा विमा, म्हणून निम्मी भरपाई. या विमापत्रात शेकडा पंधरापर्यंतची कमतरता माफ आहे, त्यापुढे नाही. तसेच, घराचा विमा आधीपासून असला तर तेथे पाळणाघर चालणार हे त्या कंपनीस कळवावे. घराचा विमा राहत्या घराचा असतो. त्यात धंदा गृहीत धरलेला नसतो.

अर्ज भरताना सत्य सांगावे, हा विम्याचा पायाच आहे. अन्य करारांत "घेणाऱ्याने पाहून घ्यावे" असे चालते. येथे विमेदाराने आपण होऊन सर्व सांगावयाचे असते. मुले पंधरा लिहावयाची आणि प्रत्यक्षात तीस ठेवावयाची, जिन्यास दार नसता आहे म्हणावयाचे, हे आज हप्त्यात थोडे वाचविते आणि संकटाच्या दिवशी सारे बुडविते. हप्ता आगाऊ पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, असे १९३८ च्या विमा कायद्याचे चौसष्ट-व्हीबी हे कलम सांगते. तेव्हा "पैसे पुढच्या आठवड्यात देऊ, पाळणाघर सोमवारी सुरू करू" हा बेत करू नये.

अपघात घडलाच तर प्रथम मूल, मग डॉक्टर, मग पालक आणि त्याच दिवशी कंपनीस लेखी सूचना, असा क्रम ठेवावा. पालकांचे सांत्वन जरूर करावे. मात्र कंपनीस न विचारता पैशाचे वचन लिहून देऊ नये, कारण विमापत्राच्या अटींत त्यास मनाई असते. दावा अन्यायाने नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तेथे न्याय न मिळाल्यास किंवा महिनाभर उत्तरच न आल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. २०१७ च्या नियमांनुसार एकल मालकीच्या व सूक्ष्म उद्योगांच्या विमापत्रांनाही ही वाट खुली आहे, आणि तिला शुल्क नाही. पुणे व मुंबई येथे या लोकपालांची कार्यालये आहेत.

एवढे सांगून झाल्यावर एक गोष्ट बजावल्यावाचून राहवत नाही. विमा पैसे देतो. मूल देत नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे शाळेच्या स्वयंपाकघराच्या गवती छपरास आग लागली आणि चौऱ्याण्णव मुले दगावली. त्या घरांना कोणत्या रकमेने भरून निघाले असेल? म्हणून चूल मुलांच्या खोलीपासून दूर असावी, बाहेर पडावयास दुसरे दार असावे, खिडक्यांना गज असावेत पण वाट अडविणारे नसावेत, आणि कामावर घेतलेल्या प्रत्येक माणसाची नीट चौकशी केलेली असावी. मुलांवरील अत्याचार हा २०१२ च्या कायद्याने घोर अपराध ठरविला आहे, आणि तो कळूनही पोलिसांस न कळविणे हाही अपराधच आहे. अपराध्याच्या दुष्कृत्यास कोणताही विमा पाठीशी घालीत नाही, आणि घालूही नये.

पाळणाघर काढू इच्छिणाऱ्या भगिनींना आमची विनंती एवढीच की, रंगाऱ्यास बोलाविण्यापूर्वी एक दुपार विमापत्राचा नमुना घेऊन बसावे. घरातील जो कोणी इंग्रजी कायदेशीर भाषा वाचू शकतो त्यास जवळ बसवावे, आणि काय मिळणार यापेक्षा काय मिळणार नाही, हे कलम आधी वाचावे. अडेल तेथे एजंटास तोंडी न विचारता लेखी विचारावे व उत्तरही लेखी घ्यावे. दुसऱ्याचे मूल आपल्या ओसरीवर खेळणार आहे. त्याच्या आईने आपणावर विश्वास टाकून कामावर जावयाचे, तर त्या विश्वासास साजेशी तयारी आपल्या घरी आधी झालेली असावी.