हे सांगतंय कोण?

वर्गात 'पण लक्षात कोण घेतो?' वाचत होतो. यमूचे बालपण, लग्न, सासर असे करत तिच्या वैधव्यापर्यंत आलो, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, या बाईंनी पुढे आणखी काही लिहिलं का?" वर्ग हसला. मुखपृष्ठावर हरिभाऊ आपट्यांचे नाव ठळक होते. पण तिच्या कानात घुमत होता तो यमूचा आवाज. चूक होती खरी, पण कादंबरीच्या गाभ्याला हात घालणारी. 'लेखक' आणि 'निवेदक' या दोन संज्ञा वेगळ्या का ठेवायच्या, हे त्यानंतर मी याच प्रश्नावरून शिकवत आलो.

'करमणूक'मधून क्रमशः आलेली ही कादंबरी हरिभाऊंनी यमूच्या तोंडी घातली. त्रयस्थ निवेदकाने तिची कीव केली असती आणि वाचकाने ती ओसरीवर बसून ऐकली असती. यमू स्वतः बोलते, म्हणून वाचकाला माजघरात यावे लागते. 'श्यामची आई'त साने गुरुजी लेखक, श्याम निवेदक आणि आश्रमातले सवंगडी श्रोते. मोठा झालेला श्याम लहान श्यामविषयी सांगतो. आईचे मोल उशिरा कळल्याची हुरहुर या दोन वयांमधल्या अंतरातून येते. 1963च्या 'कोसला'त पांडुरंग सांगवीकर स्वतःची हकीकत सांगतो. तिथे तो काय सांगतो याइतकेच कशा भाषेत सांगतो हेही ऐकावे लागते. एक 'निवेदक' ही संज्ञा हाताशी असली, तर तिन्ही पुस्तकांची दारे उघडतात.

कथानकाचेही तसेच. पाऊस पडला नाही, विहीर आटली, सदाने बैल विकले. हा घटनांचा क्रम झाला. आता गोष्ट रिकाम्या गोठ्यापासून सुरू करा: सदा सवयीने वैरणीची पेंढी घेऊन येतो आणि दारातच थांबतो. विहीर, पाऊस सगळे मागाहून कळते. घटना त्याच, पण मांडणी बदलताच दुष्काळाची बातमी एका माणसाचे दुःख झाली. या मांडणीला कथानक म्हणायचे.

कवितेकडे वळलो की विद्यार्थी उपमा, रूपक, प्रतिमा, प्रतीक यांत गोंधळतात. मी फळ्यावर लिहितो: 'आजीची बोटे चिंचेच्या शेंगांसारखी.' ही उपमा. 'सारखी' पुसून 'आजीची बोटे म्हणजे चिंचेच्या शेंगा' केले की रूपक. त्या बोटांचा रंग, वाकलेपणा, खरखरीत साल आपल्या इंद्रियांना जाणवली, तर ती प्रतिमा. आणि कवितेत चिंच पुन्हापुन्हा येत राहिली, शेवटी झाड तोडले गेले आणि आपल्याला घरच हरवल्यासारखे वाटले, तर ती चिंच प्रतीक झाली. पायरी कुठे बदलली हे शोधताना ओळ चार वेळा वाचावी लागते. संज्ञेचे खरे काम हेच.

शब्दांत न उच्चारलेला अर्थ ऐकू येतो, त्याला नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनी म्हटले. 'दिवेलागण झाली' एवढेच आई म्हणते. अंगणात खेळणाऱ्या मुलाला त्यात 'घरात ये' ऐकू येते, आणि शहरातून मुलगा यायचा आहे त्या बापाला 'अजून आला नाही'.

छंदाच्या संज्ञा रूक्ष वाटतात, पण त्या कानाच्या आहेत. मनाच्या श्लोकांचे वृत्त भुजंगप्रयात: लघु, गुरू, गुरू असे चार वेळा, ओळीत 12 अक्षरे. या ठेक्यामुळेच ते श्लोक पोराबाळांच्या तोंडी बसले. मोठ्या अभंगाची चाल वेगळी: 6, 6, 6 आणि 4 अक्षरे, आखूड चौथ्या चरणावर श्वास विसावतो. बा. सी. मर्ढेकरांनी तर लय नादापुरती न ठेवता संवाद, विरोध आणि समतोल ही तिची तत्त्वे भावनात्मक अर्थांच्या रचनेलाही लावली.

या संज्ञांची गावे वेगवेगळी आहेत. रस भरताच्या नाट्यशास्त्रातला. 'कादंबरी' हे बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या नायिकेचे नाव. मराठीने ते अख्ख्या साहित्यप्रकाराला दिले. 1892मध्ये केशवसुतांनी इंग्रजी वळणाची चौदा ओळींची कविता आणली. तिला पुढे मिळालेल्या 'सुनीत' या नावात 'सॉनेट'चा नाद आहे आणि मराठीचा घाटही. उसन्या मापांनी आपले साहित्य मोजू नये, असे भालचंद्र नेमाड्यांनी देशीवाद मांडताना बजावले. तो इशारा मला मोलाचा वाटतो. माप कुठूनही येवो, ते आपल्या ओळीवर ठेवून पाहिल्याशिवाय खरे मानू नये.

उत्तरपत्रिका तपासताना व्याख्या बिनचूक आणि कवितेची एकही ओळ नाही, असे पान समोर आले की जीव तुटतो. संज्ञा तिथे पाठ झालेली असते, वापरलेली नसते. म्हणून हल्ली मी व्याख्या शेवटी सांगतो. आधी पान उघडायचे, मोठ्याने वाचायचे आणि विचारायचे: हे सांगतंय कोण? कुणाला? आणि आत्ताच का? मुले उत्तर शोधू लागतात, आणि ते सांगायला शब्द कमी पडला की आपणहून विचारतात, "सर, याला काय म्हणतात?" संज्ञा सांगायची वेळ तीच.