पायवाट सोडायची नाही

तुमचे बाबा काय करतात, असं कुणी विचारलं तर तुम्ही दोन वाक्यांत उरकता ना? मीही तेच करायचे. "आर्मीत होते. आता बोईसरला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहेत." पुढचा प्रश्न ठरलेला, "मग कारगिलला होते का?" मी जरा हळूच सांगायचे, "नाही, त्यानंतर भरती झाले."

कारगिल युद्ध जुलै १९९९ मध्ये संपलं. बाबा २००० साली मराठा लाइट इन्फंट्रीत गेले, बेळगावला ट्रेनिंग झालं, १७ वर्षं नोकरी करून मासवणला परतले. शाळेत २६ जानेवारीच्या भाषणासाठी मला त्यांच्याकडून लढाईची गोष्ट हवी असायची. त्यांच्याकडे ती नव्हती. खरं सांगते, मला त्याची थोडी लाजच वाटायची.

या पानासाठी स्टोरी करायची म्हणून परवा मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून त्यांच्यासमोर बसले. नुकतेच रात्रपाळीवरून आले होते. विचारलं, "युद्ध नव्हतं, मग तुम्ही करत काय होतात?"

चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आधी सुरुंग पेरले. मग तेच काढले."

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झालं. लाखो जवान पाकिस्तानच्या सीमेवर जाऊन थांबले. सीमेलगतच्या शेतांत सुरुंग पेरले गेले. ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागे घ्यायचं ठरलं. युद्ध झालंच नाही, तरी सुरुंगांत आणि अपघातांत शेकडो जवान गेले.

आता मासवणला या. भातकापणी झाली की आमच्याकडे शेतं मोकळी होतात. एसटी चुकू नये म्हणून मी शाळेचं दप्तर घेऊन शेतातून आडवी पळायचे. बाबा रजेवर असले की मागून आवाज यायचा, "पायवाट सोडायची नाही!" मला वाटायचं, साप-किरडूची भीती. आजही ते बांधावरून चालताना मळलेल्या वाटेवरच पाय ठेवतात. परवा कळलं का ते. "काढले म्हणजे सगळे निघालेच, असं नसतं," ते म्हणाले. मी रेकॉर्डिंग बंद केलं.

युद्धानंतरची नोकरी ही दुय्यम, असं तुम्हालाही वाटत असेल तर कोल्हापूरकडच्या वडगावचे जनरल एस. पी. पी. थोरात माहीत असायला हवेत. कोरियात जुलै १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाली. मायदेशी परतायला नकार देणारे सुमारे २२ हजार युद्धकैदी सांभाळायचं काम भारतीय फौजेकडे आलं आणि तिचे प्रमुख होते थोरात. दक्षिण कोरियानं आपल्या जमिनीवर भारतीय सैनिकांना पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरनं छावणीत न्यावं लागलं. तिथं चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं, तेव्हा थोरात स्वतः कैद्यांच्या गर्दीत शिरले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. कोरियातल्या कामगिरीसाठी त्यांना मिळालेलं अशोक चक्र (वर्ग दोन) आज कीर्ती चक्र म्हणून ओळखलं जातं. रणांगणाबाहेरच्या शौर्याचं हे पदक आहे.

थोरात १९६१ साली निवृत्त झाले. पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांचे चिरंजीव यशवंत थोरात नाबार्डचे अध्यक्ष झाले. जनरलला निवृत्तीनंतर आयोग मिळतो. जवानाला बहुतेक वेळा गेट मिळतं.

आणि घर? तेही आयतं मिळत नाही. वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा, एवढ्यातच बाबा आम्हाला भेटलेले. कायमचे आले तेव्हा पहाटे पाचला सगळ्यांना उठवायचे, चपला रांगेत लावायला लावायचे. शेत, बँक, माझी ॲडमिशन, सगळं एकटीनं केलेल्या आईनं महिनाभर ऐकून घेतलं. मग एक दिवस म्हणाली, "अहो, ही पलटण नाही." त्यानंतर बाबा घर शिकायला लागले. भाकरी अजून गोल येत नाही, पण डबा स्वतःचा स्वतः भरतात.

हे तुम्हाला का सांगतेय? पहाटे मनोर रोडवर भरतीसाठी धावणारी मुलं तुमच्याच वर्गातली आहेत. जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षं नोकरी लागते. २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत नोकरी चार वर्षांची. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. बाकीचे सेवानिधी घेऊन पंचविशीच्या आतबाहेर घरी येतील, पेन्शनशिवाय. बाबांनी सदतिसाव्या वर्षी जे नव्यानं सुरू केलं, ते त्यांना त्याआधीच करावं लागेल. धावा, जरूर धावा. पण डिग्रीचा फॉर्मही भरून ठेवा. हे माझं नाही, बाबांचं म्हणणं आहे.

आणि तुमच्या घरात कुणी फौजेतून आलेलं असेल, तर "लढाईत होता का?" असं विचारू नका. "रोज काय करायचात?" असं विचारा. मला हे विचारायला बावीस वर्षं लागली.