ड्रायर फिरत नाहीये? "मोटर गेली" ऐकण्याआधी मशीनचा आवाज ऐका

लोकलमध्ये हेडफोन काढायलाही जागा नसेल, तर आजचा भाग वाचलात तरी चालेल.

जून-जुलैचे दिवस. खोलीतल्या दोरीवर जीन्स तिसऱ्या दिवशीही ओलीच, आणि आता तिला वासही यायला लागलाय. नेमका अशा वेळी सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर बसतो. मेकॅनिक येतो, दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, "मोटर गेली. यात पैसे घालण्यापेक्षा नवीनच घ्या." चौघांनी मिळून घेतलेलं मशीन असेल तर लगेच ग्रुपवर आठ-दहा हजारांचा हिशेब सुरू. त्याचं म्हणणं खरंही असू शकतं. पण कित्येकदा दोष १००-२०० रुपयांच्या पार्टमध्ये असतो, आणि तो कुठे असेल याचा बराचसा अंदाज आवाजावरून येतो.

एक गोष्ट आधी सांगतो. आपण ज्याला ड्रायर म्हणतो तो कपडे वाळवत नाही, पिळतो. परदेशात राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांकडे गरम हवेचं वेगळं यंत्र असतं, त्याची दुखणीही वेगळी. (तिथे पहिला संशय धाग्यांच्या गाळाने तुंबलेल्या जाळीवर घ्या. ती साफ नसेल तर आगीचाही धोका असतो.) आपल्या ड्रायरमध्ये खाली एक उभी मोटर, तिच्या दांड्यावर थेट बसवलेला टब, आणि मिनिटाला साधारण १३०० ते १४०० फेरे. मध्ये ना पट्टा, ना गिअर. त्यामुळे बिघडायच्या जागाही मोजक्याच.

आता टायमर फिरवा आणि ऐका.

काहीच आवाज नाही, पण धुण्याची बाजू नीट चालतेय? म्हणजे प्लगपर्यंत वीज येतेय. मग झाकणाचा स्विच, टायमर किंवा तुटलेली वायर बघायची. तळमजल्यावर राहत असाल तर उंदीर हा गंभीर उमेदवार आहे, हसू नका. हे सगळं ठीक असेल तरच मोटरकडे वळायचं.

"हूंऽऽ" असा आवाज येतोय, पण टब हलत नाही? "मोटर गेली" हे निदान सगळ्यात जास्त इथेच ऐकू येतं, आणि खरं म्हणजे मोटर हूं करतेय याचा अर्थ तिच्यापर्यंत वीज पोचतेय. तिला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर कमजोर झालेला असू शकतो. किंवा ब्रेक सुटत नसेल. झाकण उघडलं की टब थांबतो तो या ब्रेकमुळे. झाकण बंद झालं की एक वायर त्याला मोटरच्या चाकापासून ओढून धरते. ती वायर सैल झाली की ब्रेक लागलेलाच राहतो. तिसरी शक्यता, टबाच्या बाजूने खाली गेलेला एखादा मोजा. प्लग काढायचा, मागचं कव्हर उघडायचं, झाकण बंद ठेवायचं आणि मोटरवरचं चाक हाताने फिरवून बघायचं. मोकळं फिरलं तर कपॅसिटरवर संशय. अडलं तर ब्रेक, मोजा, नाहीतर गंजलेला दांडा. कपॅसिटरच्या टोकांना मात्र हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला असू शकतो. आणि मशीन चालू असताना टबाला हाताने ढकलून "स्टार्ट" द्यायचा प्रकार तर अजिबात नको.

दणदण आवाज आणि मशीन चालत दारापर्यंत? आधी कपडे काढून सारखे दाबून भरा, वर प्लॅस्टिकची झाकणी ठेवा. रिकामा टबही तसाच आदळत असेल तर मोटरखालच्या स्प्रिंग किंवा रबर गेलेत.

फिरतोय पण कपडे ओलेच? पाईप कुठे आहे बघा. पाण्याचा पाईप उंच कट्ट्यावर टाकला असेल किंवा तुंबला असेल तर खाली पाणी साठतं आणि टब पाण्यातच फिरत राहतो. पाईप खाली सोडा, खर्च शून्य.

आता मुख्य मुद्दा. मोटर खरोखर जळाली असेल, जळका वास आला असेल, तर एकच प्रश्न विचारा: "कशामुळे जळाली?" टबाच्या तळाशी, दांड्याभोवती एक रबरी सील असतं. ते फाटलं की साबणाचं पाणी थेंबथेंब थेट मोटरवर पडतं. मशीनखाली ओलं दिसत होतं का, आठवून बघा. सील न बदलता नवी मोटर बसवली तर काही महिन्यांत तीही जाणार. मोटर साधारण हजार-दीड हजाराला, सील त्यामानाने अगदीच स्वस्त. मेकॅनिकला दोन्ही एकत्र बदलायला सांगा, मोटर तांब्याच्या वाइंडिंगची मागा आणि जुने पार्ट ताब्यात घ्या. त्याआधी वॉरंटी कार्ड काढा. मोटरची वॉरंटी काही वेळा मशीनपेक्षा जास्त वर्षांची असते. पण ती फक्त वॉश मोटरची आहे की स्पिन मोटरचीही, ते बारीक अक्षरात शोधा.

काही जण झाकणाचा स्विच बिघडला की त्याच्या दोन वायरी थेट जोडून देतात. "चालतंय ना!" हो, चालतं. पण मग झाकण उघडल्यावर वीज चालू आणि ब्रेकही लागलेला, म्हणजे मोटर त्याच्याशी झुंजत तापत राहते. आणि ब्रेक ढिला असेल तर तुमचा हात १३०० फेऱ्यांच्या टबात. तेवढ्या वेगात एखादी ओढणी बोटाभोवती गुंडाळली तर काय होईल, ते सांगायला नको. स्विच बदलूनच घ्या.

मग नवीन कधी घ्यायचं? माझं मत असं: कपॅसिटर, स्विच, ब्रेक वायर, सील, स्प्रिंग यांपैकी काही असेल तर मशीन दहा वर्षांचं असलं तरी दुरुस्त करा. फक्त मोटर आणि सील गेलं असेल आणि धुण्याची बाजू ठणठणीत असेल, तरीही दुरुस्तीच. पण बाहेरचा टब तडकला असेल, तळ गंजून मोटर बसवायची जागाच डळमळत असेल, किंवा धुण्याची बाजूही रडत असेल, तर थांबा. तिथे घातलेले पैसे परत येत नाहीत.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर पार्टच देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. २०२२ पासून केंद्र सरकारचं 'राइट टू रिपेअर' पोर्टलही आहे आणि घरगुती उपकरणं त्यात येतात. आणि जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर दुकानदार एक्स्चेंजशिवाय नव्याची किंमत किती सांगतो ते आधी विचारा. बऱ्याचदा जुन्याचे "दोन हजार" तिथेच वाढवून ठेवलेले असतात.

तुमचा ड्रायर कसला आवाज करतोय, त्याची व्हॉइस नोट पाठवा. पाठवण्याआधी झाकण बंद करा म्हणजे झालं.