फळे किती, केव्हा आणि कशासोबत

शाकाहारी खेळाडूचे ताट : लेखांक सातवा

खेळाडूच्या आहारात फळ हे सर्वांत आधी कर्बोदकांचे अन्न आहे. जीवनसत्त्वे, तंतू आणि पोटॅशियम यांचे महत्त्व आहेच, पण दोन तास धावणाऱ्या किंवा सायकल चालवणाऱ्या माणसाला फळातल्या साखरेची गरज आधी भासते. प्रौढ माणसाच्या यकृतात सुमारे ८० ते १०० ग्रॅम आणि स्नायूंत ३५० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेले असते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फाटकापासून कान्हेरीपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा चढ धावून परतायचे, किंवा मुलुंडहून पूर्व द्रुतगती मार्गावर पहाटे लांबवर सायकल मारायची, तर या साठ्याचा मोठा वाटा खर्च होतो. म्हणूनच रोज तासभर मध्यम व्यायाम करणाऱ्याने वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५ ते ७ ग्रॅम, आणि एक ते तीन तास कसून सराव करणाऱ्याने ६ ते १० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे क्रीडापोषणशास्त्र सांगते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात १०० ग्रॅम फळे धरली आहेत. हा आकडा बैठे काम करणाऱ्यांसाठी आहे. दिवसाला तीन हजार कॅलरी खर्चणाऱ्याने सात-आठशे ग्रॅम फळे खाल्ली, तर ते अतिरेकाचे ठरत नाही. फक्त कोणते फळ कोणत्या वेळी खावे, याचा हिशेब मात्र ठेवावा लागतो.

सर्व फळांत साखर सारखी नसते. १०० ग्रॅम गरातली कर्बोदके कलिंगडात साडेसात ग्रॅमच्या आसपास, पपईत ११, संत्र्यात १२, आंब्यात १५, चिकूत २० आणि केळ्यात २३ ग्रॅम असतात. खजुरात ती ७५ ग्रॅमपर्यंत जातात. त्यामुळे ६० ग्रॅम कर्बोदकांसाठी अडीच केळी पुरतात, खजूर ८० ग्रॅम लागतो आणि कलिंगड जवळजवळ ८०० ग्रॅम खावे लागते. धावण्यापूर्वी एवढे कलिंगड खाणे कोणाच्याही पोटाला मानवणार नाही. सराव संपल्यावर घामाने गेलेले पाणी भरून काढायला मात्र त्याच्यासारखे फळ नाही, कारण त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. कलिंगडातल्या सिट्रुलिनमुळे स्नायूंचे दुखणे कमी होते असे बरेच सांगितले जाते, पण प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तेवढ्यासाठी कलिंगड खायचे कारण नाही.

व्यायामापूर्वी फळ निवडताना तंतूंकडे पाहावे. पेरू आणि चिकू या दोन्ही फळांत १०० ग्रॅममागे पाच ग्रॅमहून अधिक तंतू असतात. एरवी हा त्यांचा गुण, पण धावण्याआधी तासभर खाल्ले तर तोच त्रास देतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते आणि नेमका तेव्हाच डहाणू-घोलवडचा चिकू भरात असतो, म्हणून ही चूक सहज घडते. शर्यतीच्या सकाळी पूर्ण पिकलेले, सालीवर तपकिरी ठिपके आलेले केळे सर्वांत सोयीचे, कारण पिकताना त्यातल्या पिष्टाची साखर होते. हिरवट केळ्यातले पिष्ट लहान आतड्यात नीट पचत नाही, ते पुढे जाऊन वायू करते. सफरचंद, नासपती, आंबा आणि कलिंगड यांत ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असते. ज्यांचे पोट नाजूक आहे त्यांनी ही फळे सरावानंतर खावीत. कोणाला काय सोसते, हे सरावाच्या दिवशीच तपासून घ्यावे. शर्यतीचा दिवस त्या प्रयोगासाठी नसतो.

व्यायाम चालू असतानाचे फळ म्हणजे व्यवहारात केळेच. आतड्यातून ग्लुकोज रक्तात नेणारी वाट तासाला सुमारे ६० ग्रॅमला तुंबते. फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्याने दोन्ही साखरा एकत्र घेतल्या तर तासाला ९० ग्रॅमपर्यंत कर्बोदके शोषली जाऊ शकतात. केळ्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास सारख्या प्रमाणात असतात. अमेरिकेतील अ‍ॅपलॅचियन स्टेट विद्यापीठात डेव्हिड नीमन आणि सहकाऱ्यांनी १४ सायकलपटूंवर केलेला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. ७५ किलोमीटरची चाचणी त्यांनी एकदा केळी व पाणी घेऊन आणि एकदा तयार स्पोर्ट्स ड्रिंक पिऊन दिली. दोन्ही वेळच्या कामगिरीत लक्षणीय फरक आढळला नाही, मात्र केळी खाताना पोट जड वाटल्याची तक्रार अधिक होती. प्रयोगाला फळे विकणाऱ्या डोल कंपनीचे अर्थसाहाय्य होते, हे ध्यानात ठेवूनच निष्कर्ष वाचावा. तरी त्यातला मुख्य मुद्दा शरीरशास्त्राला धरून आहे. तासाभराच्या आतल्या सरावाला मात्र यातले काहीच लागत नाही, पाणी पुरते.

अंधेरी-बोरिवलीच्या हातगाडीवर मिळणारे हिरव्या सालीच्या जातीचे मध्यम केळे सोलल्यावर ११०-१२० ग्रॅम भरते, वेलची केळे त्याच्या निम्म्याहून कमी. ‘दोन केळी खा’ हा सल्ला त्यामुळे कोणती केळी हे सांगितल्याशिवाय अपुरा राहतो. लांब पल्ल्यासाठी आणखी एक स्थानिक पर्याय आहे, तो म्हणजे वसई-आगाशीची सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की ती होतात. खिशात चेंबत नाहीत, चिकट जेलच्या पाकिटांपेक्षा स्वस्त पडतात आणि चावून खाता येतात. बोरिवलीपासून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर तयार होणारा हा पदार्थ उपनगरातल्या धावपटूंच्या पिशवीत क्वचितच दिसतो, ही नवलाची गोष्ट आहे.

व्यायामानंतर फळांचा उपयोग दुहेरी असतो. ग्लुकोज स्नायूंचा साठा भरते आणि फ्रुक्टोज मुख्यतः यकृताचा. त्याच दिवशी पुन्हा सराव असेल तर पहिल्या चार तासांत दर तासाला, वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदके घ्यावी लागतात. पुढचा सराव दुसऱ्या दिवशी असेल तर इतकी घाई नको, नेहमीच्या जेवणांतून साठा भरतो.

घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीत मोठी वस्ती असलेल्या जैन कुटुंबांतील खेळाडूंना हे वेळापत्रक अवघड जाते. नवकारशी पाळणारा सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत काही खात नाही. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, म्हणजे पहिला घास आठ वाजता. पहाटे साडेपाचला सुरू झालेला सराव पूर्ण उपाशीपोटी होतो. रात्रभरात यकृतातला साठा उतरलेला असतो, त्यामुळे लांब आणि वेगाचे सराव अशा दिवशी न ठेवता सावकाश धावणे ठेवावे. संध्याकाळी चौविहार असेल तर सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य असते, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. कचेरीतून सुटून सात वाजता व्यायामशाळेत जाणाऱ्याला त्यानंतर रात्रभर काहीच घेता येत नाही. त्याने पाचच्या सुमारास केळी, भाजलेले चणे आणि भरपूर पाणी घेऊन ठेवावे, किंवा जोराचा सराव सकाळी उशिरा हलवावा. पर्वतिथीला हिरवी भाजी व ताजी फळे न खाणाऱ्या अनेक घरांत पिकलेले केळे चालते. आर्द्रा नक्षत्र लागल्यावर आंबा बंद करणाऱ्यांना जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून ती कर्बोदके दुसरीकडून आणावी लागतात.

आता प्रमाण. ६० किलो वजनाच्या, दोन तास सराव करणाऱ्या धावपटूला किलोमागे ७ ग्रॅम धरले तर दिवसाला ४२० ग्रॅम कर्बोदके लागतात. तीन केळी, ३०० ग्रॅम पपई आणि दोन मोठी संत्री मिळून त्यातली सुमारे १४० ग्रॅम मिळतात, म्हणजे एक तृतीयांश. फळांचे वजन ९०० ग्रॅम होते, कॅलरी साडेपाचशेच्या आसपास आणि तंतू २० ग्रॅम. बाकी दोन तृतीयांश भात, पोळी, भाकरी, पोहे, रताळे यांतून यावे. फळांवरच सगळा भार टाकायचा म्हटले तर पावणेतीन किलो फळे खावी लागतील आणि तंतू ६० ग्रॅमच्या घरात जातील. ते पोट आणि लोकलचा प्रवास एका दिवसात जमवणे कठीणच.

खरी अडचण प्रथिनांची आहे. वरच्या ९०० ग्रॅम फळांत प्रथिने जेमतेम ८ ग्रॅम असतात. अशा धावपटूला किलोमागे १.२ ते २ ग्रॅम, म्हणजे किमान ७२ ग्रॅम प्रथिने लागतात. फलाहाराच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध भारतीय उदाहरण इथे उपयोगी पडते. महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडले आणि पुढे काही वर्षे ते केवळ फलाहारावर राहिले. दिवसाला चाळीस मैल चालणे त्या काळात आपल्याला विशेष वाटत नसे, असे त्यांनी नोंदवले आहे. त्या आहारात केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्ह तेल यांच्याबरोबर कच्चे शेंगदाणे होते, आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅम प्रथिने व ४९ ग्रॅम स्निग्धांश असतात. नाव फलाहाराचे असले तरी शरीर बरेचसे शेंगदाण्यावर तगले होते. पुढे १९१८ साली गुजरातमधील खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या धामधुमीत लिंबू आणि शेंगदाण्याच्या लोण्यावर राहत असताना ते आमांशाने गंभीर आजारी पडले. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही, असे डॉक्टरांचे मत होते. गाई-म्हशीचे दूध न घेण्याचे व्रत होते म्हणून कस्तुरबांनी शेळीचे दूध सुचवले, आणि ते त्यांनी घेतले.

आज दूधही न घेणाऱ्या खेळाडूला सोयाबीन, टोफू, डाळी आणि कडधान्ये हाताशी आहेत. व्हिगन आहार घेणारे मुंबईचे गिर्यारोहक कुंतल जोइशर २०१६ साली एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हा दुधावाचून शरीर टिकत नाही हे म्हणणे आता सरसकट खरे मानता येत नाही. पण प्रथिनांची तरतूद फळांबाहेर, प्रत्येक जेवणात वेगळी करावी लागते. वनस्पतीजन्य अन्नात बी-१२ जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही, फळांत तर नाहीच. दूध न घेणाऱ्याने त्याची गोळी घ्यावी. दूध घेणाऱ्यानेही पातळी तपासून घेतलेली बरी.

लोहाच्या बाबतीत मात्र फळे स्वतः फार काही न देता मोठी मदत करतात. डाळी, मटकी, पालेभाज्या यांतले लोह शरीरात कमी शोषले जाते. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व आले तर हे शोषण वाढते. पेरूत १०० ग्रॅममागे दोनशे मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते, संत्र्याच्या चौपट. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळणे किंवा जेवणाच्या शेवटी पेरूच्या चार फोडी खाणे याला म्हणून अर्थ आहे. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा नेमके उलटे काम करतो. हिवाळ्यात वीस पावले चालल्यावर पेरूची गाडी दिसते, तरी आयात ब्लूबेरीवर चौपट पैसे का घालवले जातात, याचे उत्तर पोषणशास्त्रात नाही.

मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. लिटरभर घामातून साधारण अर्धा ते पावणेदोन ग्रॅम सोडियम जाते. केळे पोटॅशियमसाठी प्रसिद्ध आहे, पण त्यात सोडियम जवळजवळ नसतेच आणि शहाळ्याच्या पाण्यातही ते पुरेसे नसते. दीड तासाच्या पुढच्या सरावात फळांबरोबर मीठ घातलेले लिंबू सरबत किंवा कोकम आगळ पातळ करून घ्यावे. नुसते पाणी पीत राहिल्याने रक्तातले सोडियम खाली जाऊ शकते.

फळांचा रस हे वेगळे प्रकरण आहे. गाळताना तंतू जातात आणि तीन-चार मोसंब्यांची साखर एका पेल्यात येते. सराव संपताच तो चालेल, पण एरवी फळ चावून खावे. लांब सरावात आंबट रस किंवा सरबत घोटघोट पीत राहिल्याने दातांचे आवरण झिजते, म्हणून मागाहून पाण्याने चूळ भरावी.

फळे हंगामाप्रमाणे बदलली की खर्च आटोक्यात राहतो. जानेवारी ते मार्च नाशिकची द्राक्षे आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, त्यापुढे कलिंगड व हापूस, मे-जूनमध्ये करवंदे, जांभळे आणि फणस, पावसाळ्याच्या शेवटी सीताफळ, हिवाळ्यात पेरू, बोरे आणि नागपूरची संत्री. केळी आणि पपई बारमाही. पावसाळ्यात स्टेशनबाहेर उघड्यावर कापून ठेवलेली फळे टाळावीत. शर्यतीच्या आठवड्यात पोट बिघडले तर महिन्यांची मेहनत फुकट जाते. आंबे-केळी पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास बंदी आहे, इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत चालतो.

मधुमेह असलेल्या खेळाडूने फळांची मात्रा रक्तशर्करा मोजूनच ठरवावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना केळी, शहाळे आणि खजूर यांतले पोटॅशियम अपायकारक ठरू शकते. शाळांबाहेर तिखट-मीठ लावून विकले जाणारे पाच धारांचे करंबळ तर त्यांनी चाखूही नये, कारण त्यातले विष निकामी मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही आणि ते थेट मेंदूवर परिणाम करते.