ताप नाही, म्हणजे सगळं ठीक?

जानेवारीतल्या एका रात्री साडेनऊच्या सुमाराला ठाकुर्लीचे एक आजोबा आमच्या कॅज्युअल्टीत आले. वय ७८. तरुणपणी चोळ्याच्या रेल्वे पॉवर हाउसमध्ये नोकरी केलेले. सोबत मुलगा आणि सूनबाई. तक्रार काय, तर "बाबा आज विचित्र बोलतायत." दुपारी त्यांनी शेजारच्यांना "शिफ्टला निघालोय" असं सांगितलं आणि अनवाणीच जिना उतरायला लागले. पॉवर हाउस कधीच बंद झालेलं. "दोन दिवस जेवण कमी आहे. पण ताप नाही, खोकलाही फारसा नाही. वयामुळे डोक्यावर परिणाम झाला असेल का?" मुलाने विचारलं.

ताप खरंच नव्हता. थर्मामीटरवर ९८.८ होते. पण श्वास मिनिटाला ३०, ऑक्सिजन ८७, आणि एक्स-रेमध्ये उजवं फुप्फुस खालच्या बाजूला पांढरं. न्यूमोनिया, आणि तोही दोन-तीन दिवस मुरलेला.

असे रुग्ण मी दर हिवाळ्यात बघते. तरुण शरीरात आजाराची घंटा जोरात वाजते. ताप चढतो, हुडहुडी भरते, छातीत कळ येते, घसा कोरडा पडतो. सत्तरीनंतर हीच घंटा हळू वाजते, कधी कधी वाजतच नाही. आतला आजार मात्र त्यामुळे सौम्य होत नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे थंडी असते कुठे? सांताक्रूझच्या वेधशाळेचा नीचांक ७.४ अंश सेल्सिअस, तोही २२ जानेवारी १९६२ चा. खरं आहे. पण आपण समुद्रापासून आत आहोत, त्यामुळे ठाकुर्ली-डोंबिवलीचा पहाटेचा पारा मुंबईपेक्षा दोन-चार अंश खालीच असतो. पहाटे १४ आणि दुपारी ३१, असा चढउतार एकाच दिवसात होतो. शिवाय जास्त माणसं कडाक्याच्या थंडीत दगावतात, हा समजही बरोबर नाही. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १३ देशांतल्या ७ कोटींहून अधिक मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थायलंड आणि ब्राझीलही होते. उष्म्यापेक्षा गारठ्याशी जोडलेले मृत्यू कितीतरी पट जास्त निघाले आणि त्यातले बहुतेक साध्या, मध्यम गारठ्याच्या दिवसांतले होते. म्हणजे स्वेटर काढायचा कंटाळा करावा अशा दिवसांतले.

गारठा लागला की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, रक्त किंचित दाट होतं आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. मुळात पहाटे उठल्यावर रक्तदाब चढतोच, त्यात ही भर. आमचे ज्येष्ठ नेमके याच वेळी सर्वांत पराक्रमी असतात. पाचला उठायचं, गार पाण्याने आंघोळ ("चाळीस वर्षांची सवय आहे, डॉक्टर"), आणि उपाशीपोटी नव्वद फुटी रस्त्यावर झपाझप चालायला. चालायला माझा विरोध नाही, वेळेला आहे. हिवाळ्याच्या पहाटे हवा जड असते, धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते. ऊन पडल्यावर, साडेसात-आठला निघालं तर पायांना तेवढाच व्यायाम होतो आणि छातीला त्रास कमी.

मधुमेही ज्येष्ठांनी आणखी एक लक्षात ठेवावं. त्यांच्या हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखेलच असं नाही. दम लागतो, मळमळतं, जबडा किंवा खांदा भरून येतो, गळून गेल्यासारखं वाटतं. घरात त्याला गॅस म्हणतात आणि ओवा किंवा सोडा देतात. थंडीच्या पहाटे वयस्क माणसाला दरदरून घाम फुटला तर ओव्याचा डबा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

मधुमेहात पायांची संवेदनाही कमी होते. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपलेल्या आजी सकाळी तळव्याला फोड घेऊन येतात, आणि भाजल्याचं त्यांना कळलेलंसुद्धा नसतं. त्याऐवजी मोजे घाला. झोपण्यापूर्वी अंथरूण पिशवीने ऊबदार करून पिशवी बाहेर काढून ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर या दोन गोष्टींबाबत मी तडजोड करत नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा सुगावा तरुणांनाही लागत नाही, तर वृद्धांना काय लागणार!

तहानेचंही तसंच. थंडीत लघवी जास्त होते, तहान मात्र लागत नाही. त्यात रात्री उठायला नको म्हणून आजोबा संध्याकाळपासूनच पाणी तोडतात. मग बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, उठताना चक्कर. पाणी कमी करू नका, वेळ बदला. दिवसाचं बरंचसं पाणी पाच वाजेपर्यंत पिऊन घ्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून पिणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांची मर्यादा पाळावी. आणि रात्री उठावं लागलं तर पलंगावर मिनिटभर बसून, दिवा लावून, चप्पल घालून मगच उभं राहावं. न्हाणीघरात घसरून खुबा मोडलेली, ओल्या फरशीवर सकाळपर्यंत पडून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. अशा वेळी शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जातं. तेही काश्मीरमध्ये नव्हे, इथेच.

औषधांविषयी थोडं. सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या मिश्र गोळ्यांपैकी अनेकींत नाक मोकळं करणारा घटक असतो, तो रक्तदाब वाढवतो. दुसरा झोप आणणारा असतो, त्याने प्रोस्टेट असलेल्यांची लघवी तुंबते आणि बुद्धी भ्रमते. वाफ आणि मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या यांत असला धोका नाही. फक्त उकळतं पातेलं मांडीजवळ घेऊ नका. रक्तदाबाची गोळी हिवाळ्यात वाढवून घेतली असेल, तर मार्चमध्ये पुन्हा तपासून घ्या. होळीच्या सुमाराला चक्कर येऊन पडणाऱ्यांत ही मंडळी बरीच असतात. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्यावी.

शरीर स्वतः सांगत नसेल तर घरातल्यांनी बघायला हवं. आमच्या भागात अडचण आहे ती इथेच. फास्ट लोकल ठाकुर्लीला थांबत नाही, म्हणून इथली मुलं-सुना आणखी लवकर घर सोडतात आणि रात्री आठ-नऊला परततात. मधल्या वेळात घरात फक्त आजी-आजोबा आणि टीव्ही. मी नोकरी करणाऱ्या मुलांना दोष देत नाही, मीही त्यांच्यातलीच आहे. पण पाच मिनिटं पुरतात.

तब्येत ठणठणीत असताना चार-पाच दिवस आईवडिलांचं तापमान मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. बऱ्याच वृद्धांचं नेहमीचं तापमान ९७ च्या आसपास असतं. त्यांच्या बाबतीत ९९ म्हणजे ताप. त्या आजोबांचे ९८.८ आम्हाला किरकोळ वाटले, कारण त्यांचं रोजचं तापमान आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, त्यांना न सांगता, पोटाच्या हालचालीवरून. शांत बसलेले असताना २५ च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेलच. गार बोटांवर तो चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून आधी हात चोळून गरम करा. मग ९४ च्या खाली असेल तर दाखवून घ्या, ९० च्या खाली असेल तर थांबूच नका. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या रुग्णांचे आकडे वेगळे असू शकतात, ते आधीच विचारून ठेवा. आणि कालपर्यंत व्यवस्थित बोलणारं माणूस आज गोंधळलं, जेवेनासं झालं, दिवसभर झोपून राहिलं, तर ते म्हातारपण नव्हे. म्हातारपण एका रात्रीत येत नाही. दुपारी एक फोन शेजाऱ्यांनाही करून ठेवा. घरात कोणीच नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी आहे.

ते आजोबा नऊ दिवसांनी घरी गेले. आता सूनबाई निघण्यापूर्वी ऑक्सिमीटर लावते आणि दोन-तीन प्रश्न विचारते. गेल्या तपासणीला आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे तक्रार केली, "हिला जरा सांगा, रोज उठून मला वार विचारते."

"मग आज वार कोणता?" मी विचारलं.

"मंगळवार," ते म्हणाले. "तुमची ओपीडी दुसऱ्या कुठल्या दिवशी असते का?"