नांवांचा घोळ व त्यावरील उपाय

वरूड या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत. पाकिटावर केवळ ‘वरूड’ एवढेंच लिहिल्यास पत्र भलत्याच गांवीं जाण्याचा संभव असतो. हा घोळ टळावा म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोडाची पद्धत सुरू झाली. आपल्या वरूडाचा पिनकोड ४४४९०६ आहे. असाच घोळ इंटरनेटवरही होऊं शकतो. त्याचें स्वरूप येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंटरनेटवरील पत्त्याच्या शेवटीं ‘.कॉम’, ‘.इन’ असें जें पद असतें, त्यास आपण प्रत्यय म्हणूं. २७ ऑगस्ट २०१४ रोजीं ‘.भारत’ हा देवनागरी प्रत्ययही सुरू झाला. त्यापूर्वीं, २०१२ सालीं, ‘आयकॅन’ या नियामक संस्थेकडे नव्या प्रत्ययांसाठीं जगभरांतून १,९३० अर्ज आले होते.

परंतु पुष्कळ कचेऱ्यांनीं व घरांनीं आपल्या आंतल्या संगणकांस ‘.कॉर्प’, ‘.होम’ अशीं नांवें आधींच देऊन ठेविलीं होतीं. बाहेर तसा प्रत्यय नसल्यामुळें चुकून एखादी विचारणा बाहेर गेली, तरी ‘असें नांव नाहीं’ एवढेंच उत्तर येई. तोच प्रत्यय उद्यां दुसऱ्या कोणास मिळाला तर? कचेरींतला संगणक घरीं नेलेल्या कारकुनाची विचारणा परक्याच्या दारीं जाईल, आणि कदाचित् त्याचा परवलीचा शब्दही!

यावर आयकॅननें २०१४ सालीं एक उपाय ठरविला. नवा प्रत्यय सुरू होतांना निदान ९० दिवस अशा विचारणेस १२७.०.५३.५३ हा क्रमांक उत्तर म्हणून द्यावयाचा. हा क्रमांक विचारणाऱ्यास त्याच्याच संगणकाकडे परत नेतो. त्यामुळें काम अडतें, पण गुपित बाहेर जात नाहीं. आणि तो चमत्कारिक क्रमांक पाहून जाणता मनुष्य सावध होतो व नांव बदलतो. मोठी हानि टाळण्यासाठीं आधींच केलेली ही लहानशी अडवणूक होय. ‘.होम’, ‘.कॉर्प’ व ‘.मेल’ यांचा प्रसार तर इतका झाला होता कीं, ते कोणासही न देण्याचें फेब्रुवारी २०१८ मध्यें ठरलें. पुढें जुलै २०२४ मध्यें ‘.इंटर्नल’ हा प्रत्यय खासगी उपयोगासाठीं कायमचा राखून ठेवण्यांत आला.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक जण पुढें शाळांचे व कचेऱ्यांचे संगणक सांभाळतील. त्यांनीं मनास येईल तो प्रत्यय लावूं नये. स्वतःच्या नांवें नोंदलेलें अथवा खासगी उपयोगास राखलेलें नांवच घ्यावें. आज मोकळें दिसणारें नांव उद्यां दुसऱ्याचें होऊं शकतें, हें ध्यानांत ठेवावें.