केळीचे काप कुरकुरीत, तेल मात्र चमचाभर

बागेतून माल भरून ट्रक गेला की मागे बांधावर काय उरते, ते केळी पिकवणाऱ्या घराला सांगायला नको. घडाच्या शेंड्याकडच्या बारीक फण्या, वाऱ्याने मोडलेल्या झाडाचे घड आणि व्यापाऱ्याने बाजूला काढलेला वापसी माल. भाव बरा असला तर त्याचेही चार पैसे होतात. भाव पडला की तोच माल गुरांपुढे जातो, नाही तर उकिरड्यावर. आणि त्याच दिवशी घरातली पोरे दुकानातून दहा रुपयांची वेफरची पुडी घेऊन येतात. पुडीत वेफर मूठभर आणि हवाच जास्त! घरची केळी उकिरड्यावर आणि घरचे पैसे दुकानात, असा हा उलटा व्यवहार आहे.

हा व्यवहार थोडा तरी सुलट करता येईल का, ते आज पाहू. त्यासाठी 'एअर फ्रायर' या यंत्राचाही विचार करू. शहरात नोकरीला असलेली मुले-मुली दिवाळीला गावी येतात तेव्हा हे यंत्र सोबत आणू लागली आहेत. काही घरांत ते ओट्यावर आले, दोनदा वापरले आणि पुन्हा खोक्यात गेले. ते आपल्या कामाचे आहे का, आणि असेल तर किती, हे समजून घेतले म्हणजे पैसाही वाया जाणार नाही आणि केळीही.

यंत्र तळत नाही, भाजते

नावात तळणे असले तरी हे यंत्र तळत नाही. वरच्या बाजूला विजेची तापणारी तार असते आणि तिच्यावर पंखा. पंखा गरम हवा जोराने खाली ढकलतो. जाळीच्या टोपलीतल्या पदार्थाभोवती ती हवा फिरत राहते आणि पदार्थातले पाणी उडवून नेते. तळताना उकळते तेल जे काम करते, ते इथे गरम वारा करतो. फ्रेड व्हान डेर वेय या डच माणसाने ही युक्ती काढली आणि फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र प्रथम मांडले.

कढईत तळलेल्या केळी वेफरच्या वजनात साधारण तिसरा हिस्सा तेलाचा असतो. यंत्रात तेच काम चमचाभर तेलात होते. तेलाचे डबे महाग झालेल्या दिवसांत ही बचत लहान नाही. मात्र चव अगदी कढईसारखी येईल अशी आशा धरू नका. हे काप भाजक्या चवीचे आणि थोडे कडक होतात. नीट केले तर पोरे डबा रिकामा करतात, हेही तितकेच खरे.

केळे कोणते घ्यावे

सगळे गणित इथेच आहे. केळे हिरवे हवे, पण कोवळे नको. कोवळ्या केळ्याच्या धारा टोकदार असतात. भरलेल्या केळ्याच्या धारा बोथट होऊन ते गोल दिसू लागते. असे भरलेले, हिरवेगार केळे घड उतरवल्यावर एक-दोन दिवसांत वापरावे.

याचे कारण साधे आहे. हिरव्या केळ्याच्या गरात शेकडा वीसच्या आसपास पिष्ट असते. फळ पिकू लागले की त्याची साखर होते आणि पुरत्या पिकलेल्या केळ्यात पिष्ट जेमतेम एक-दोन टक्के उरते. पिष्टाने काप कुरकुरीत होतो. साखरेने तो लवकर काळपटतो, आणि आतून मऊच राहतो. सालीवर पिवळी झाक आलेले केळे म्हणून या कामाला घेऊ नये. ते पिकू द्यावे आणि शिकरणात घालावे.

कृती

चार जणांच्या घराला एका वेळेस मध्यम आकाराची चार-पाच कच्ची केळी पुरतात.

प्रथम हाताला आणि सुरीला तेलाचे बोट लावावे, म्हणजे चीक चिकटत नाही. कपड्यावर चिकाचा डाग पडला तर तो जन्माचा सोबती होतो, तेव्हा जुने लुगडे नाही तर ॲप्रन बांधूनच बसावे. केळ्याची दोन्ही टोके कापून सालीवर उभ्या चिरा द्याव्यात आणि साल काढावी.

सुरी किंवा किसणी स्टीलची असावी. लोखंडी विळीने काप काळे पडतात. कापलेला गर हवेला लागला तरी काळा पडतोच. म्हणून पातेल्यात लिटरभर पाणी, दोन चमचे मीठ आणि अर्धा चमचा हळद घालून ठेवावी आणि काप थेट त्या पाण्यात सोडावेत. कापाची जाडी रुपयाच्या नाण्याएवढी असावी. त्याहून पातळ काप यंत्रातल्या वाऱ्याने उडतात आणि वरच्या तापल्या तारेला चिकटून जळतात. जाड काप आत चिवट राहतात. सगळे काप सारख्या जाडीचे हवेत, नाही तर निम्मे करपतात आणि निम्मे कच्चे राहतात.

दहा मिनिटांनी काप निथळून सुती कापडावर पसरावेत आणि दुसऱ्या कापडाने टिपावेत. इथे घाई करू नका. ओले काप टोपलीत घातले की पहिली दहा मिनिटे ते नुसते वाफवतात आणि मग कितीही भाजा, कुरकुरीत होत नाहीत. कोरडे झाल्यावर एक चहाचा चमचा तेल घालून हलक्या हाताने चोळावे.

यंत्र १८० अंशांवर तीन मिनिटे रिकामे तापवून घ्यावे. मग काप टोपलीत सैलसर पसरावेत. थोडेसे एकमेकांवर आले तर चालतात, पण ढीग करू नये. आच १६० अंशांवर आणून पंधरा ते अठरा मिनिटे ठेवावी. दर पाच मिनिटांनी टोपली बाहेर ओढून हलवावी. शेवटची तीन-चार मिनिटे यंत्रापाशीच उभे राहावे. सोनेरी पिवळ्याचे तपकिरी व्हायला एक मिनिट पुरते.

काढताना काप किंचित मऊ लागले तर घाबरू नका. ताटात पसरून ठेवले की गार होता होता ते कडक होतात.

मसाला केव्हा घालावा

तिखट आधी घातले तर ते जळते आणि घरभर ठसका उठतो. म्हणून काप टोपलीतून निघाल्याबरोबर, गरम असतानाच वरून मसाला भुरभुरावा. पाण्यातले मीठ कापांत आधीच मुरलेले असते, ते लक्षात ठेवून वरचे मीठ बेताने घालावे.

रोजच्यासाठी लाल तिखट, जिरेपूड, आमचूर आणि चिमूटभर काळे मीठ घ्यावे. लहान मुलांसाठी नुसती मिरपूड आणि मीठ पुरे. उपवासाला केळी चालतात, पण बऱ्याच घरांत हळद चालत नाही. तिथे पाण्यात हळद न घालता सैंधव घालावे, वरून मिरपूड आणि जिरेपूड लावावी, आणि तेल शेंगदाण्याचे घ्यावे.

पुरते गार झाल्यावरच काप घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. पावसाळ्यात ते हवेतली ओल लगेच ओढतात. मऊ पडले तर १५० अंशांवर तीन मिनिटे फिरवावेत, पुन्हा पहिल्यासारखे होतात.

फणस आणि चिकू

कोकणातल्या घरांना केळ्याची वाट पाहायला नको. तयार झालेला, पण न पिकलेला कापा फणस फोडावा, गऱ्यांतल्या आठळ्या काढून गरे उभे चिरावेत आणि वरच्याच रीतीने हळद-मीठ लावून भाजावेत. बरका फणस या कामाचा नाही. गऱ्यांना वेळ थोडा जास्त लागतो. भाजताना खोबरेल लावले तर ओळखीची चव येते.

चिकूची गोष्ट निराळी. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिकडे चिकूच्या सुकवलेल्या चकत्या करतात. चिकू मुळात गोड. १६० अंशांवर ठेवला तर बघता बघता करपेल. तो नुकता पिकलेला, घट्ट असताना कापून ८० अंशांच्या मंद आचेवर दोन-अडीच तास सुकवावा लागतो. पण इतका वेळ वीज जाळण्यापेक्षा उन्हाळ्यात पातळ कापडाखाली उन्हात वाळवणे केव्हाही स्वस्त. सूर्यनारायण बिल पाठवत नाही!

यंत्र घ्यावे की नाही

आता पैशाची गोष्ट. 'यंत्र हप्त्याने घेऊ आणि वेफर विकून हप्ते फेडू' असा बेत एखाद्या घरात होतो. तसा बेत करण्याआधी पुढचा हिशेब मांडून पाहावा.

घरगुती यंत्राच्या टोपलीत एका वेळी दोनशे ग्रॅम ओले काप बसतात. त्यातले पाणी उडाले की हाती साठ-सत्तर ग्रॅम वेफर येतात. तासाला तीन खेपा धरल्या तर दोनशे ग्रॅम. म्हणजे किलोभर वेफरला पाच तास, आणि तासाला एक ते दीड युनिट धरले तर सहा-सात युनिटे वीज. तेवढ्या वेळात कढईवर बसलेली बाई कितीतरी किलो माल काढते. तेव्हा हे यंत्र घरच्या खाण्यासाठी ठीक. धंद्यासाठी नाही.

यंत्र घरात असेलच तर एक खबरदारी घ्या. ते साधारण १,५०० वॅटचे असते. मोबाइलच्या लहान प्लगात ते खोचू नये. १५-१६ अँपिअरचा मोठा प्लग आणि पक्के अर्थिंग हवे. गावात दाब कमी असेल त्या वेळी ते नीट तापत नाही आणि काप चिवट होतात. दोष कृतीचा नसतो, विजेचा असतो.

बचत गटाने विक्रीचा विचार केला तर मार्ग कढईचाच. तिथे काप पाण्यात न टाकता थेट तापल्या तेलावर किसतात. मग हळद-मिठाचे चमचाभर पाणी तेलात सोडतात. तेल एकदम उसळते, म्हणून लहान मुले दूर ठेवावीत आणि पाणी लांब दांड्याच्या पळीनेच सोडावे. तडतड थांबली की पाणी उडाले आणि वेफर झाला, ही खूण. काळे पडलेले, फेसाळणारे तेल पुन्हा वापरू नये. अन्न सुरक्षा कायदा २००६ सालचा आहे. त्याखाली लहान घरगुती उद्योगालाही नोंदणी लागते. पाकिटावर त्यातले पदार्थ, वजन आणि तारीख छापावी लागते. हे आधी करावे, माल मग काढावा.

दोन शब्द प्रकृतीचे

तेल कमी झाले म्हणून वेफर औषध झाला असे नव्हे. पिष्ट तेवढेच राहते, तेव्हा मधुमेह असलेल्या माणसाने मूठभरावर थांबावे. रक्तदाब असलेल्यांसाठी मीठ आवरावे. आणि काप तपकिरी करू नयेत. पिष्टाचे पदार्थ कडक आचेवर तळले-भाजले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे अपायकारक द्रव्य तयार होते, हे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले. यंत्रात भाजले म्हणून ते टळत नाही. पिवळा काप चांगला, तपकिरी काप टाकावा.

यंत्र नसले तरी हात बांधून बसायचे कारण नाही. हेच काप घरच्या कढईत थोड्या तेलावर, मध्यम आचेवर तळता येतात. मुख्य गोष्ट यंत्राची नाही, केळ्याची आहे. पुढच्या वेळी बागेतून माल निघेल तेव्हा बांधावरची एक फणी घरात आणा, भरलेली आणि हिरवी पाहून. भाव ठरवणे आपल्या हाती नसते. पण उरलेल्या मालाचे काय करायचे, ते नक्कीच आपल्या हाती असते.